गोव्यातला पर्ये मतदारसंघ: पन्नास वर्षं एकच घर, ही आमची निवड की नाइलाज?

भिरोंडेकर
चवथीला गावी आठ-दहा जण जमलो होतो, माटोळी बांधता बांधता विषय निघाला २०२७ च्या विधानसभेचा आणि माझा चुलत भाऊ बोलून गेला की आपल्या सत्तरी तालुक्यात इलेक्शन होत नाही, हजेरी होते. मला झोंबलं. पण रात्री झोप येईना म्हणून एकेक साल आठवत गेलो तर खरंच सांगतो, उत्तर सापडेना, म्हणून इथे लिहितोय.

बघा. १९७२ ला प्रतापसिंह राणे, म्हणजे आपले खाशे, पहिल्यांदा सत्तरीतून निवडून आले, मगोच्या (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष) सिंहावर. मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले. मग मगो सोडली, काँग्रेस. १९८० ला अर्स काँग्रेसकडून (इंदिराजींपासून फुटलेली काँग्रेस) जिंकले, ३० पैकी २० जागा आल्या, मुख्यमंत्री झाले आणि काही दिवसांत अख्खा पक्षच इंदिरा काँग्रेसमध्ये गेला. १९८९ ला विधानसभा ४० ची झाली तेव्हा सत्तरीचे पर्ये आणि वाळपई असे दोन भाग झाले, खाशे पर्येत. १९७२, ७७, ८०, ८४, ८९, ९४, ९९, २००२, २००७, २०१२, २०१७. अकरा वेळा, एकदाही पडले नाहीत. आणि २०२२ ला काँग्रेसने त्यांचं नाव जाहीर केलं, भाजपने सूनबाई देविया राणेंना उभं केलं, खाशांनी माघार घेतली आणि सूनबाई १३,९४३ मतांनी आल्या, त्या निवडणुकीतलं राज्यातलं सगळ्यात मोठं मताधिक्य.

म्हणजे सिंह, हात, कमळ, निशाणी कुठलीही असो मत एकाच घराला. मी स्वतः दोन वेळा खाशांना मत दिलंय, माझ्या बापाने तर दुसऱ्या कोणाला दिलंच नाही. पण मला वाटतं ह्याच्या मुळाशी प्रेमापेक्षा जमीन जास्त आहे. आमची काजूची बाग आजोबाने लावली, बापाने राखली, दर वर्षी बोंडू आम्ही वेचतो, भट्टी आम्ही लावतो, आणि वन-फोर्टीन (आमच्याकडचा जमिनीचा उतारा) काढला तर नाव आमचं नाही. मोकासो (जुन्या इनामाची जमीन), आल्वारा (पोर्तुगीज सरकारने कसायला दिलेली), वनखातं, सत्तरीत अर्ध्या घरांची हीच रड. ज्याच्या पायाखालची जमीन कागदावर त्याची नाही तो माणूस मोकळेपणाने विरोधात मत देईल का? मला म्हणायचंय ते एवढंच, आणि ज्यांना पटत नाही त्यांनी तोडून बोला, मी रागावणार नाही.

केरी_घाटपायथा
रागावू नको म्हणतोस तर स्पष्ट बोलतो. तुझं हे लिखाण वाचून मला वाईट वाटलं. नाइलाज म्हणजे काय रे? माझी आई, तुझा बाप, ही माणसं काय दोरीला बांधून नेली होती मतदानाला? पडद्यामागे बटण दाबताना कोण बघतो? आधी तर कागदावर शिक्का होता, तिथेही कोणी बघत नव्हतं.

खाशांनी काय केलं ते तू लिहिलंच नाहीस. अंजुणे धरण झालं तेव्हा केरी-मोर्ले भागात उन्हाळ्यात शेती म्हणजे काय हे लोकांनी पहिल्यांदा बघितलं. होंड्याला औद्योगिक वसाहत आली म्हणून आमच्या कितीतरी पोरांना रोज पणजी-वास्कोला धावावं लागलं नाही. गोवा विद्यापीठ १९८५ ला सुरू झालं तेव्हा मुख्यमंत्री कोण होतं? घटकराज्य ३० मे १९८७ ला मिळालं तेव्हा कोण? सत्तरीसारख्या घाटाच्या पायथ्याच्या तालुक्यातला माणूस इतकी वर्षं राज्य चालवतो आणि तालुक्याने त्याला परत परत निवडलं, ह्याला निवड म्हणतात. बारामतीत, सांगलीत असं झालं की कौतुक आणि सत्तरीत झालं की हजेरी?

आणि अजून एक. जुलै २०१९ ला काँग्रेसचे १५ पैकी १० आमदार एका रात्रीत भाजपात गेले. जे पाच राहिले त्यात खाशे होते. ऐंशी वर्षांचा माणूस, मुलगा आधीच भाजपचा मंत्री, जायला वाट मोकळी होती, गेले नाहीत. लोक हे बघतात.

मोर्ले_कॉलनी
केरीच्या भावाने धरणाचं नाव काढलं म्हणून लिहितोय, नाहीतर मी नुसता वाचून जाणार होतो.

धरणाचं पाणी तुमच्या बागायतीत आलं, आमचं गाव त्याच पाण्याखाली गेलं. आमच्या लोकांना इथे कॉलनीत आणून बसवलं तेव्हा मी लहान होतो, आईने तुळस कुंडीत घालून आणली होती ते अजून आठवतं. जमिनीच्या बदल्यात जमीन, घर, सगळं सांगितलं गेलं होतं, काही मिळालं, काहीसाठी अजून फाईल घेऊन फिरतो, कुठल्या कचेरीत ते लिहीत नाही. आणि तरीसुद्धा आमच्या कॉलनीने वर्षानुवर्षं मत खाशांनाच दिलं हे मी मान्य करतो. का दिलं? कारण फाईल हलवायची तर त्याच दारात जावं लागणार. त्यांच्याविरुद्ध मत देऊन दुसऱ्या दिवशी त्यांच्याच दारात कसं जायचं? भिरोंडेकर म्हणतात तो नाइलाज हा असा असतो, बंदूक लावून नसतो.

खाशे माणूस म्हणून चांगलेच, त्याबद्दल माझा वाद नाही.

वाळपई_बाजार
तुम्ही सगळे पर्येवरच अडकलात, वाळपईचं पण बघा की, एकच तालुका आहे. २००२ ला वाळपईतून भाजपचे नरहरी हळदणकर निवडून आले होते. राण्यांचं घर इथेच होतं ना? जमिनीचे प्रश्न तेच होते ना? मग नाइलाज तेव्हा कुठे गेला? सत्तरीचा माणूस वाटेल तेव्हा दुसऱ्याला निवडतो, वाटत नाही तेव्हा निवडत नाही. २००७ ला विश्वजीत बाबा, खाशांचे चिरंजीव, अपक्ष उभे राहिले आणि हळदणकरांना पाडून आले, पक्षाच्या चिन्हाशिवाय आले, तेव्हापासून वाळपई त्यांच्याकडे आहे.

माझं मत सरळ आहे, छोट्या तालुक्याला सत्तेत माणूस लागतो. आमदार विरोधात बसला तर रस्त्यावरचा खड्डा पण पाच वर्षं तसाच राहतो हे मी डोळ्यांनी बघितलंय. लोक भावनेवर नाही, हिशेबावर मत देतात आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

भिरोंडेकर
@वाळपई_बाजार हळदणकरांचं बरोबर, ते मी लिहायला पाहिजे होतं, चूक माझी. पण तुम्हीच पुढचं साल सोडलंत. फेब्रुवारी २०१७ ला बाबा काँग्रेसच्या हातावर वाळपईतून आले. काँग्रेसला १७, भाजपला १३, तरी सरकार पर्रीकरांचं झालं, १६ मार्चला विश्वासदर्शक ठराव होता, त्याच दिवशी बाबांनी राजीनामा दिला आणि पुढे भाजपात गेले. ऑगस्टमध्ये पोटनिवडणूक, समोर काँग्रेसचे रॉय नाईक, आणि बाबा दहा हजारांच्या वर मतांनी आले. फेब्रुवारीत ज्याने हाताचं बटण दाबलं त्यानेच सहा महिन्यांत कमळाचं दाबलं. त्या मतदाराला फेब्रुवारीत भाजप नको होती, मग ऑगस्टमध्ये काय बदललं? त्याचं मत बदललं की आमदार बदलला?

वाळपई_बाजार
काय बदललं म्हणजे? सरकार बदललं! फेब्रुवारीत काँग्रेसचं येईल असं वाटलं होतं, आलं नाही. मग विरोधात बसून काय करायचं होतं? आम्ही माणूस निवडला होता, माणूस तोच राहिला.

डिचोली_मास्तर
मी शाळामास्तर होतो, सत्तरीतल्या शाळांवर अकरा वर्षं काढली, म्हणून थोडं मागचं सांगतो, लांब होईल, सांभाळून घ्या.

तुम्ही मुलं १९७२ पासून सुरू करता पण गोष्ट त्याच्या आधीची आहे. डिसेंबर १९६३ ला पहिली निवडणूक झाली तेव्हा ह्या डोंगरपट्ट्यात सिंह म्हणजे भाऊसाहेब बांदोडकर आणि भाऊसाहेब म्हणजे कूळ-मुंडकारांचा (दुसऱ्याच्या जमिनीत कसणाऱ्या-राहणाऱ्यांचा) माणूस, एवढं सरळ समीकरण होतं. १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला, महाराष्ट्रात जायचं तर फूल, वेगळं राहायचं तर दोन पानं. गोवा ३४,०२१ मतांनी वेगळा राहिला पण सत्तरी, डिचोली, पेडणे, फोंडा इथे फुलाचा जोर होता. म्हणजे सत्तरीचा मतदार तेव्हा घराण्याचा नव्हता, तो पक्का मगोवाला होता, भाटकाराच्या म्हणजे जमीनदाराच्या विरोधातला होता. हे लक्षात घ्या.

मग तोच मतदार पाच वर्षांनी राण्यांच्या घरातल्या माणसाला निवडतो ते कसं? कारण त्या माणसाला तिकीट भाऊसाहेबांनी दिलं होतं. मोकासदारांच्या म्हणजे इनामदारांच्या घरातला, अमेरिकेत शिकून आलेला तरुण, बहुजनांच्या पक्षातून उभा राहिला. दोन्ही बाजू एका माणसात आल्या. लोकांना वाटलं, आता आपला पक्ष पण हाच आणि आपला खाशे पण हाच. ऑगस्ट १९७३ ला भाऊसाहेब गेले आणि नंतर खाशांनी मगो सोडली तेव्हा लोकांना निवड करावी लागली, सिंह की माणूस, आणि त्यांनी माणूस निवडला. माझ्या मते सत्तरीचा इतिहास त्या एका वळणावर ठरला. निवड झाली, पण एकदाच झाली, पुढची सगळी वर्षं ती चालू राहिली.

जमिनीबद्दल भिरोंडेकर म्हणतो ते अर्धं पटतं. १९७६ च्या दुरुस्तीने कूळ मालक झाला हे मुख्यमंत्री शशिकलाताई काकोडकरांच्या सरकारचं मोठं काम. पण ज्याची कूळ म्हणून नोंदच नव्हती, जो डोंगरावर काजू लावून बसला होता, त्याच्या हातात त्या कायद्याने काही आलं नाही, आणि सत्तरीत अशी माणसं खूप. त्यांचा प्रश्न मगोनेही सोडवला नाही, काँग्रेसनेही नाही, भाजपनेही नाही. मग मतदाराने जायचं कुठे? त्यामुळे दोष एका घराला देऊन मोकळं होता येणार नाही.

केरी_घाटपायथा
सर, तुमचं मान्य, पण ‘एकदाच निवड झाली’ हे नाही पटत. २०१७ ला खाशांचं मताधिक्य चार हजारांच्या आसपास आलं होतं, भाजपच्या विश्वजीत कृष्णराव राण्यांनी जबरदस्त लढत दिली होती. (बाहेरचे लोक नावामुळे गोंधळतात, हे बाबा नव्हेत, हे दुसरे.) दहा हजारांवर लोकांनी विरोधात मत दिलं ना त्या वर्षी? त्यांना कोणी अडवलं? पर्येत विरोधक नाहीत असं नाही, हरतात एवढंच.

मोर्ले_कॉलनी
आणि २०२२ ला तेच उमेदवार आपकडून उभे राहिले तेव्हा चार हजार मतं पण मिळाली नाहीत. २०१७ च्या त्या दहा हजार माणसांचं पुढे काय झालं भाऊ? सांगतो काय झालं. ते कमळाचे मतदार होते आणि कमळ राण्यांच्या घरात आलं. खाशांची जुनी मतं आणि खाशांविरुद्धची मतं एकाच पेटीत पडली. १३,९४३ चा आकडा लोकांच्या प्रेमाचा म्हणून सांगतात, मला तो विरोधी पक्ष संपल्याचा आकडा वाटतो. ज्यांनी वर्षानुवर्षं भाजपचं काम गावात केलं, पोस्टर लावली, शिव्या खाल्ल्या, त्यांना एका सकाळी सांगितलं की आता हेच आपले. माझ्या ओळखीतले दोघं त्या दिवसापासून मतदानालाच जात नाहीत.

मांद्रे_किनारा
पेडण्याचा माणूस आहे, बाहेरून बोलतोय, चालेल ना? तुम्ही लोक बदल नाही म्हणून रडता, आमच्याकडे या. मांद्रेत आम्ही २०१७ ला चालू मुख्यमंत्र्याला पाडलं. लक्ष्मीकांत पार्सेकर, २००२ पासून तीन वेळा आमदार, मुख्यमंत्री असताना सात हजारांच्या वर मतांनी पडले. दिल्लीत बातमी झाली, आमची छाती फुगली. मग काय झालं? ज्यांना निवडलं ते दयानंद सोपटे काँग्रेसचे, २०१८ च्या ऑक्टोबरात राजीनामा देऊन भाजपात. २०१९ ला पोटनिवडणूक, परत तेच आले, ह्या वेळी कमळावर. २०२२ ला आम्ही परत बदललं, मगोचे जीत आरोलकर ७१५ मतांनी आले, आणि निकालानंतर मगोने भाजपच्या सरकारला पाठिंबा दिला.

दोन वेळा बदलून आम्ही फिरून त्याच सरकारात. मधल्या काळात मोरजी, हरमलच्या भरडाच्या जमिनी विकल्या गेल्या, आमची पोरं स्वतःच्याच गावात भाड्याने स्कूटर देतात. म्हणून मला तरी वाटत नाही की आमदार बदलला की गाव बदलतो. तुमच्या तालुक्यात निदान झाडं शिल्लक आहेत.

भिरोंडेकर
@मांद्रे_किनारा दादा, चालतं काय, उलट बरं झालं लिहिलंत. पण मुख्यमंत्री पाडला ही गोष्ट लहान नाही हो. पुढे उमेदवाराने काय केलं तो त्याचा दोष. तुमच्याकडे आमदाराला पुढच्या वेळची भीती आहे, ७१५ मतांनी आलेला माणूस फोन उचलतो. तेरा हजारांनी आलेल्याने फोन उचलावा ही त्याची मर्जी. मला तेवढी भीती हवी आहे, घर कोणाचं का असेना.

सोनशीची_सून
सगळे भाऊ बोलले, एक बाई बोलते.

पहिलं, देवियाताई आमदार झाल्या ह्याचा मला आनंद झाला होता आणि तो मी लपवत नाही. प्रचाराला आमच्या अंगणात एक बाई उमेदवार म्हणून बसली, चूल, पाणी, मुलांची शाळा असं बोलणं झालं, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा. पण २०२२ ला गोव्यात ४० पैकी तीनच बायका निवडून आल्या, जेनिफर मोन्सेरात, डिलायला लोबो आणि देविया राणे, आणि तिघींचेही नवरे त्याच विधानसभेत आमदार. घरात आमदार नसलेल्या सत्तरीतल्या साध्या घरच्या बाईला तिकीट कधी मिळेल, हा माझा प्रश्न आहे, आणि तो फक्त एका पक्षाला नाही.

दुसरं. तुम्ही म्हणता सत्तरीचा माणूस बोलत नाही. एप्रिल २०१७ मध्ये आमच्या सोनशीत खनिजाच्या ट्रकांची धूळ खाऊन खाऊन लोक रस्त्यावर बसले आणि त्यांना अटक झाली, तुरुंगात राहिले. त्यात बायका होत्या. मग शेळ-मेळावली आठवा. आयआयटी आणायची ठरली, लोकांच्या काजूच्या बागांवर मोजणी करायला माणसं आली, ६ जानेवारी २०२१ ला पोलीस आणि गावकरी समोरासमोर आले, पुढे कोण होतं? बायका. आणि ज्या सरकारने जागा ठरवली होती त्याच सरकारने नऊ दिवसांत प्रकल्प तिथून हलवायचं जाहीर केलं, त्याआधी स्वतः बाबांनीसुद्धा आयआयटी इथे नको असं सांगितलं होतं. मतपेटीत जे पन्नास वर्षांत झालं नाही ते काट्याकुट्यात उभं राहून झालं. म्हणून मला तुमचा दोघांचाही वाद अपुरा वाटतो. लोक मतदानाला एक असतात आणि जमिनीवर पाय पडला की वेगळे होतात.

वाळपई_बाजार
ताई, मेळावलीनंतर साधारण वर्षभराने इलेक्शन होतं. त्या रागाचं काय झालं? वाळपईत बाबा आठ हजारांच्या फरकाने आले. राग खरा असता तर पेटीत दिसला असता.

सोनशीची_सून
दिसला ना. दुसऱ्या नंबरवर कोण होतं? काँग्रेस नाही, आप नाही, तीन दिवसांचा म्हणून हिणवलेला आरजीचा (रिव्होल्युशनरी गोवन्स) पक्ष, आणि सहा हजारांच्या वर मतं. पैसा नाही, बॅनर नाही. ती मतं कुठून आली असं वाटतं तुम्हाला?

केरी_घाटपायथा
ताईंच्या मुद्द्याला मी हात जोडतो. मेळावलीला मी पण गेलो होतो, आणि तरीही मी माझं मत त्याच घराला दिलं. आता ह्याला कोणी नाइलाज म्हणेल, पण मला ठाऊक आहे मी का दिलं, नंतरचंच एक उदाहरण घ्या. जुलै २०२३ ला हायकोर्टाने म्हादई अभयारण्य व्याघ्र प्रकल्प म्हणून तीन महिन्यांत जाहीर करा म्हणून सांगितलं, तेव्हा आमच्या गावात दोन दिवस चूल नीट पेटली नव्हती, सगळ्यांना वाटलं आता घरातून उठवणार. तेव्हा वनमंत्री आपल्या तालुक्याचा होता आणि सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. वाघ मलाही हवाय, गोळावलीत २०२० ला चार वाघ मेले तेव्हा माझ्या आईने देवाला नारळ ठेवला होता. पण माणूस पण हवा. अशा वेळी पणजीत आपलं म्हणणं मांडणारा कोण असणार हे बघून मी मत देतो.

भिरोंडेकर
आणि तोच तर माझा मुद्दा आहे रे भाऊ! तू जमीन जाईल ह्या भीतीने मत दिलंस. वन-फोर्टीनवर तुझं नाव असतं, वनहक्काचा दावा निकाली लागला असता, तर वनमंत्री आपल्या तालुक्याचा आहे की काणकोणचा ह्याने तुला फरक पडला नसता. तू स्वतःच्या तोंडाने सांगितलंस.

केरी_घाटपायथा
भीतीने नाही, भरवशाने. दोन्ही वेगळं असतं. तुला ते एकच वाटतं, मला नाही, आणि इथे आपलं जमणार नाही असं दिसतंय.

डिचोली_मास्तर
भांडू नका. एक काम करा. निवडणूक आयोगाचा फॉर्म २० असतो, त्यात बूथवार मतं असतात. पर्येचा २०१७ चा आणि २०२२ चा समोरासमोर ठेवा. धरणग्रस्तांची वस्ती, खाणीकडचे बूथ, होंड्याचा कामगार भाग, केरी-घाटाकडची गावं, कुठे विरोधी मत टिकलं आणि कुठे पूर्ण गेलं ते दिसेल. जिथे जमिनीचा तंटा जास्त तिथे विरोध कमी असेल तर भिरोंडेकर बरोबर. उलटं असेल तर केरीवाला.

मोर्ले_कॉलनी
सर, आमच्या कॉलनीच्या बूथची यादी माझ्याकडे आहे, २०१७ ला मी पोलिंग एजंट होतो. कोणाचा ते विचारू नका.

भिरोंडेकर
मी रविवारी वाळपईला येतोय. केरीच्या भावा, तू पण ये, दोघं मिळून आकडे काढू, एकट्याने काढले तर तू म्हणशील मी मला हवे तेवढेच उचलले.

केरी_घाटपायथा
येतो. सकाळी नको, मेल्या शेळीचा पंचनामा आहे वाडीवर, बिबट्याने नेली. दुपारी तीनला बसस्टँडवर.